ओल्या फडक्याचा पारा

६ मे १९४६, सोमवार, दुपारचे चार वाजून एकोणसाठ मिनिटे. ही वेळ माझ्या वहीत तुपाच्या एका नमुन्याशेजारी लिहिलेली आहे, कारण त्या क्षणी माझ्यासमोर तेवढे एकच पान उघडे होते. प्रयोगशाळेचा शिपाई देवरामभाऊ दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मन्ही पोर पडनी. सिनेमामा." मी घड्याळाकडे पाहिले, वेळ लिहिली आणि त्याच्यामागे धावले. आधी वेळ लिहिली, मग धावले, याबद्दल मला पुष्कळांनी बोल लावला. परंतु पुढे जे काही सिद्ध करता आले, ते अशा नोंदींमुळेच करता आले.

पूर्व खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, तिथल्या नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात मी दोन वर्षे रसायनज्ञ होते. गावाचे नाव लिहीत नाही. या हकिकतीतली माणसे अजून तिथेच राहतात आणि मला त्यांच्याशी भांडायचे आहे ते नावाने नव्हे, मुद्द्याने. माझी नेमणूक तात्पुरती होती. मूळचे गृहस्थ लढाईवर गेले होते आणि ते परत येईपर्यंत एका बी. एस्सी. झालेल्या मुलीला खुर्चीवर बसू देण्यात कुणाला धोका वाटला नव्हता. काम म्हणजे दूध, तूप आणि पाणी तपासणे. दुधात दुग्धमापक सोडायचा, तो किती बुडतो ते पाहायचे. तूप वितळवून त्याचा वितळबिंदू काढायचा. विहिरीच्या पाण्यात काय काय विरघळले आहे ते मोजायचे. यात बुद्धीपेक्षा चिकाटी अधिक लागते, आणि चिकाटीपेक्षा लोकांचे ऐकून घेण्याची तयारी. एका गवळ्याने मला सांगितले होते की त्याची म्हैस नदीत फार डुंबते, म्हणून दूधच पातळ उतरते. एक म्हातारी अक्का विहिरीचे पाणी बाटलीत घेऊन आली आणि त्यात जावेची दृष्ट किती आहे ते विचारू लागली. दृष्ट सापडली नाही, पण त्या पाण्यात शेजारच्या संडासाचा पाझर सापडला. ती समाधानाने म्हणाली, "मंग तेच. संडास तिनाच शे." अशा लोकांवर मी कधी रागावले नाही. ते निदान नमुना घेऊन येत असत.

राग आला तो या प्रकरणात, आणि तो अजून उतरलेला नाही.

आमच्या प्रयोगशाळेसमोर, गल्ली ओलांडली की, एका जिनाचे, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्याचे, गोदाम होते. कापसाचा हंगाम संपला की ते रिकामे पडे, म्हणून उन्हाळ्यात एका फिरत्या सिनेमावाल्याला ते दिले जाई. त्या वर्षी त्याने भुताचा बोलपट आणला होता. कथा साधी होती. घाटातल्या एका धर्मशाळेत एकमेकांना अनोळखी असे सात मुसाफिर पावसामुळे आसऱ्याला येतात. दार आपोआप बंद होते आणि पुन्हा उघडत नाही. आत कधीकाळी कोंडून मेलेल्या एका बाईचा आत्मा असतो आणि तो एकेकाचा श्वास ओढून घेतो. मुसाफिर दार ठोठावतात, ओरडतात, एकमेकांवर संशय घेतात. चौथा मुसाफिर मरतो त्या प्रसंगाला प्रेक्षकांतल्या बायका बेशुद्ध पडतात, अशी ख्याती गावभर झाली होती. मॅनेजरने तिकिटाच्या खिडकीशेजारी एक फळा टांगला होता. त्यावर खडूने लिहिलेले असे: "आजपर्यंत बेशुद्ध". पुढे आकडा. तो रोज पुसून वाढवला जाई. त्या सोमवारी मी गल्ली ओलांडली तेव्हा त्याच्या हातात खडू होता.

यमुना, देवरामभाऊची मुलगी, गोदामाच्या ओट्यावर पडली होती. वय एकोणीस, चौथा महिना. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती. आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि दोन-चार दिवस त्यांना कामाला कुणी हाक मारीत नाही. अशा मोकळ्या दुपारी मैत्रिणींबरोबर ती सिनेमाला गेली होती. तिचे लुगडे पिळून काढावे इतके ओले होते. कातडी तापलेली, नाडी मिनिटाला एकशे अठ्ठावीस. पाणी शिंपडून वारा घातल्यावर दहा मिनिटांनी तिने डोळे उघडले.

"भूत दिसले का ग?" जमलेल्यांपैकी कुणीतरी विचारले.

"भूत नही दिखनं," ती म्हणाली. "घाम फुटना. मंग डोयासमोर अंधारी उनी. आम्ही दार ठोकी ऱ्हायंतूत, कोणी उघाडंच नही."

तिच्या बोलण्यातले हे शेवटचे वाक्य मी लिहून घेतले. इतरांनी फक्त एवढेच ऐकले की ती पडद्यावरच्या मुसाफिरांसारखेच बोलते आहे. संध्याकाळपर्यंत निदान ठरले होते. बोलपटातल्या त्या मेलेल्या बाईने यमुनेला धरले. मंगळवारी सकाळी ही बातमी चोपड्याकडे तिच्या सासरी पोहोचली आणि दुपारी निरोप उलटून आला. सासूचे म्हणणे होते की पोटाशी असलेल्या सुनेला बाहेरचे लागले आहे, ते निघाल्याशिवाय ती घरात यायची नाही. सासरे शुक्रवारी भगताला घेऊन येतील. भगताचा उपाय असा होता: सुनेला खिडकी नसलेल्या कोठीच्या खोलीत बसवायचे, निखाऱ्यावर लाल मिरच्या टाकायच्या आणि आतली 'ती' स्वतःचे नाव सांगेपर्यंत दार उघडायचे नाही.

देवरामभाऊने मला हे सांगितले तेव्हा तो बाटल्या विसळत होता. "नाही म्हटलं तर पोर जन्मभर मन्हाकडे," तो म्हणाला. "हो म्हटलं तर..." पुढे त्याने बाटलीच विसळली.

म्हणजे माझ्याजवळ तीन दिवस होते.

पहिला प्रश्न मी असा मांडला. हाच बोलपट रात्री पुरुषांना दाखवला जातो. तेच भूत, तोच चौथा मुसाफिर. त्यांच्यात आजवर कुणीही पडलेले नाही. गावाचे उत्तर तयार होते: बायकांचे काळीज नाजूक. मी या काळजाबद्दल मत देण्याआधी दोन्ही खेळांत आणखी काय वेगळे आहे ते पाहायचे ठरवले. बायकांचा खेळ दुपारी तीनला असे, कारण बायकांनी अंधार पडल्यावर बाहेर राहू नये. दुपारी पडद्यावर चित्र दिसायचे तर गोदामात काळोख हवा. त्यासाठी भिंतींवरचे सगळे झरोके डांबर लावलेल्या गोणपाटांनी बंद केलेले असत. रात्री तेच गोणपाट गुंडाळून वर बांधले जात. गोदामाला दार एकच, लोखंडी. आणि बायकांच्या खेळाला त्याची कडी बाहेरून लावली जाई, पुरुषांनी आत डोकावू नये म्हणून. हे सारे बायकांच्या अब्रूसाठी केलेले होते. यातली एकही गोष्ट भुताने केलेली नव्हती.

मंगळवारी दुपारी मी तिकीट काढून आत बसले. बरोबर दोन तापमापक होते. एकाचा गोळा कोरडा, दुसऱ्याच्या गोळ्याला ओले फडके गुंडाळलेले. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ओले फडके वाळताना गार पडते, म्हणून दुसऱ्यातला पारा खाली राहतो. आपले शरीरही घाम वाळवूनच गार राहते. हवा कोरडी असेल तर बाहेर कितीही ऊन असो, माणूस तग धरतो. आपला सारा खानदेश दर वैशाखात तग धरतो तो असाच. परंतु हवेतच पाणी भरले की फडके वाळत नाही, घामही वाळत नाही. तेव्हा ओल्या फडक्याचा पारा वर चढू लागतो, आणि तो माणसाच्या रक्ताच्या उष्णतेजवळ आला की हृदय धावू लागते आणि माणूस कोसळतो. मग तो शूर असो वा नाजूक.

आत शिरणाऱ्या बायका मी दारात मोजल्या होत्या. तीनशे अकरा, कडेवरची मुले सोडून. बाहेर गल्लीत कोरडा पारा एकशे आठ अंश फॅरनहाइट होता, ओला त्र्याहत्तर. आत तीन वाजता ओला पारा एकोणऐंशी. चार वाजता सत्याऐंशी. माझ्या शेजारी बसलेली बाई पदराने मुलाला वारा घालीत होती. माझ्या हातातल्या काचेकडे बघून ती म्हणाली, "ताई, ताप शे का तुमले?" मी म्हटले, मला नाही, खोलीला आहे. ती हसली आणि थोडी दूर सरकली.

चार वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी ओला पारा त्र्याण्णव झाला आणि आमच्या पुढच्या रांगेतली एक बाई आडवी झाली. चार-पाच जणी उठल्या आणि दार ठोठावू लागल्या. मी वेळ लिहिली. त्याच वेळी पडद्यावर चौथा मुसाफिर मरत होता आणि उरलेले तिघे धर्मशाळेचे दार ठोठावीत होते. भोंग्यातून तीच धडधड. आम्ही ओरडलो, तेही ओरडत होते. दार उघडले चार वाजून पंचावन्न मिनिटांनी, प्रसंग संपल्यावर. अकरा मिनिटे. तोवर आणखी एक पडली होती.

दारावरचा माणूस दुष्ट नव्हता. त्याचे नाव काही का असेना, सगळे त्याला मामा म्हणत. मी त्याला विचारले, आमचा आवाज ऐकू आला नाही का?

"आला ना ताई," तो म्हणाला. "रोजच येतो. त्या वख्ताला सिनेमात दार वाजतं, 'उघडा उघडा' करतात. दर वेळी मी कडी काढायला लागलो तर मॅनेजर मला काढंल."

"पण बायकाच ओरडत होत्या."

"सिनेमातबी एक बाई आहेच की."

मी त्या माणसावर रागवावे की त्याच्या प्रामाणिकपणाचा आदर करावा, हे मला आजही ठरवता आलेले नाही. तीनशे अकरा जिवंत बायकांची हाक आणि तीन खोट्या मुसाफिरांची हाक यांत त्याला फरक करता येत नव्हता. आणि असा फरक करावा लागेल अशी व्यवस्था ज्यांनी केली ते संध्याकाळी फळ्यावरचा आकडा वाढवीत होते. बोलपटाची फीत ज्या पदार्थाची असते तो कापसापासूनच बनतो आणि कापसाहून भराभर पेटतो. तिचे यंत्र त्या एकुलत्या दाराशेजारी होते. याविषयी मी मॅनेजरला बोलले. तो म्हणाला, "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला सगळीकडे भीती दिसते." हे तो भुताचा बोलपट दाखवणारा माणूस म्हणाला.

बुधवारी दैव माझ्या बाजूने वळले, किंवा रेल्वे वळली म्हणा. बोलपटाची हीच प्रत सकाळी दुसऱ्या एका गावीही दाखवली जाई; तिकडून परतताना पाचोऱ्याला गाडी बदलली तेव्हा तिची एक पेटी मागे राहिली. मॅनेजरने हाताशी असलेला एक जुना पौराणिक विनोदी बोलपट लावला. प्रयोगशाळेत आम्ही मुद्दाम करतो तो प्रकार आपोआप घडून आला: खोली तीच, गोणपाट तेच, कडी तीच, फक्त भूत वजा. त्या दिवशी बायका दोनशे अठ्ठ्याण्णव होत्या. चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी ओला पारा त्र्याण्णव झाला. दोन मिनिटांनी एक बाई पडली. पडद्यावर एक ढेरपोट्या भटजी लाडू चोरीत होता आणि सगळ्या हसत होत्या. आम्ही दार ठोठावले. या बोलपटात कुठेच दार वाजत नव्हते, त्यामुळे मामाने चाळीस सेकंदांत कडी काढली. बाई ओट्यावर आली, पाणी प्याली, लाडवाचे पुढे काय झाले म्हणून विचारू लागली. मॅनेजरने तिला फळ्यावर धरले नाही. लाडू चोरणाऱ्या भटजीने बाई बेशुद्ध केली, अशी जाहिरात होत नाही.

त्याच संध्याकाळी देवरामभाऊने पुरुषांच्या खेळात तापमापक धरून बसण्याचे कबूल केले. झरोके उघडे, दार उघडे, ओला पारा सबंध खेळभर अठ्ठ्याहत्तरच्या वर गेला नाही. पुरुषांचे काळीज अठ्ठ्याहत्तर अंशांना अतिशय कणखर असते, एवढे मी शास्त्राच्या आधाराने सांगू शकते.

गुरुवारी अकरा वाजता मी चार पानांचा अहवाल घेऊन आमच्या मुख्याधिकाऱ्यांपुढे उभी राहिले. त्यांनी पहिले पान वाचले.

"बाई, तुमचा हुद्दा दुधाचा. हवा त्यात येते का?"

"साहेब, आरोग्य खात्यात हवा येत नसेल तर काय येते?"

"गोदाम कुणाचे आहे ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे. अहवालात मालकाचे नाव नाही, लांबीरुंदी आहे."

ते हसले. "बायका घाबरतात, पडतात, पुन्हा तिकीट काढून जातात. तक्रार कुणी केलीय? ठेवून जा."

त्या अहवालाचे पुढे काय झाले ते इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचक आशेवर राहणार नाहीत. तो फायलीत गेला. बोलपट आणखी दोन आठवडे चालला, गोणपाट आणि कडी यांसह. लढाईवर गेलेले गृहस्थ श्रावणात परत आले आणि माझी खुर्ची त्यांना मिळाली. ती त्यांचीच होती, त्याविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार 'तक्रार कुणी केलीय' या वाक्याविषयी आहे. तीनशे बायकांच्या वतीने अकरा मिनिटे लोखंडी दार बडवले जात होते. ती तक्रार नव्हती तर काय होते, हे मला कुणीतरी सांगावे.

शुक्रवारी सकाळी चोपड्याच्या सर्व्हिस मोटारीतून यमुनेचे सासरे उतरले. साठीचे, उंच, डोक्याला पांढरा फेटा. त्यांना सगळे नाना म्हणत. केळीचा मोठा बाग होता त्यांचा. मागे पिशवी घेऊन भगत. देवरामभाऊच्या घरी कोठीतली भांडी बाहेर काढून ठेवलेली होती. निखारे फुलत होते. यमुना भिंतीला पाठ लावून बसली होती आणि माझ्याकडे पाहत होती.

मी नानांपुढे वही उघडली. सोमवारपासूनचे आकडे वाचून दाखवले. ते शांतपणे ऐकत होते, जसे कीर्तनात संस्कृत श्लोक आला की लोक ऐकतात. मी थांबले तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुम्ही शिकेल शेतस. पन आम्हना घरमा वंशना प्रश्न शे."

तेव्हा मी वही मिटली आणि म्हणाले, "नाना, तुम्ही केळी पिकवता कशी?"

त्यांनी चमकून पाहिले. मग सांगू लागले, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलला. वखारीत घड रचायचे, गोवऱ्यांची धुरी द्यायची, दार लिंपून बंद करायचे. उघडताना मात्र घाई करायची नाही. "दार उघाडीसन दिवा आत धराना. दिवा इझना तं कोणी पाय ठेवाना नही. एक साल एक गडी तसाच गया. दोन पावलं गया, पडना."

"त्याला भूत लागले होते?"

"भूत कसानं. बंद वखारमा वारा नही ऱ्हास."

"गोदामाचे सगळे झरोके बंद होते, नाना. दारही. तीनशे बाया आत."

नानांनी निखाऱ्यांकडे पाहिले, मग कोठीच्या दाराकडे. इथे मला एक कबुली द्यायची आहे. वखारीत माणूस पडतो ते प्राणवायू कमी झाल्याने. गोदामात बायका पडत होत्या त्या कोंडलेल्या ओल्या उष्म्याने. दोन्ही गोष्टी एक नव्हेत आणि मला ते पूर्ण ठाऊक होते. मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. चार दिवसांच्या नेटक्या नोंदी कुणी ऐकल्या नाहीत आणि एका अर्धवट तुलनेने काम झाले, याची मला शास्त्राची विद्यार्थिनी म्हणून लाज वाटते. यमुनेकडे पाहिल्यावर ती लाज थोडी कमी होते.

"निखारे तयार शेतस," भगत म्हणाला. "सूनले उठाडा."

नाना उठले. "आम्हना वखारमा मालक पहिले जास," ते म्हणाले. "गडी मंग."

"नाना, बाधा तिले शे. तुमले नही."

"मंग माले काय भ्याव? बाधा नही त्याले धूर लागाव नही." त्यांनी फेटा काढून यमुनेच्या मांडीवर ठेवला, कंदील पेटवून घेतला आणि वाकून कोठीत गेले. भगताचा नाइलाज झाला. त्याने मिरच्या टाकल्या. देवरामभाऊने दार ओढले आणि कडीवर हात ठेवून उभा राहिला. मी घड्याळ काढले.

आधी खोकला ऐकू आला. मग कंदील आपटल्याचा आवाज. मग दारावर थाप पडली. "सुरवातले असंच व्हस," भगत म्हणाला, "थांबा." देवरामभाऊ थांबला नाही. नाना बाहेर आले ते भिंत चाचपडत. डोळ्यांतून आणि नाकातून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. यमुनेने तांब्या पुढे केला. ते अर्धा तांब्या प्याले, उरलेला तोंडावर ओतला, आणि बोलता येऊ लागल्यावर म्हणाले, "पोरले मोटरमा बसाडा. तिनी सासूले मी दखी लिसू."

भगताने पिशवी उचलली. यमुना फेटा दोन्ही हातांनी धरून उभी होती. तो परत द्यावा की नाही, हे तिला कळत नव्हते.

मी मात्र सवयीप्रमाणे वही उघडली. मंगळवारचे पान काढले, 'थाप ते कडी' असा रकाना होता त्यात अकरा मिनिटांच्या आणि चाळीस सेकंदांच्या खाली शेवटची नोंद केली. खोली बंद, आत पुरुष एक, वय सुमारे साठ. दार बंद झाल्यापासून थाप पडेपर्यंत एक मिनिट दहा सेकंद. थाप पडल्यापासून कडी निघेपर्यंत, दोन सेकंद.